तात्या मुकादमांची लेणी

तात्या मुकादमांनी उभ्या आयुष्यात कोणाला ‘मला ठाऊक नाही’ असं सांगितलं नव्हतं. त्यांना सगळं ठाऊक होतं असा याचा अर्थ नव्हे. पुष्कळ गोष्टी त्यांना मुळीच ठाऊक नव्हत्या. पण कोणी काही विचारावं आणि आपल्यापाशी उत्तर नसावं, हे त्यांना दारातून पाहुणा उपाशी गेल्यासारखं वाटे.

बारामतीला इंदापूरची सर्व्हिस मोटार जिथे थांबे, तिथल्या चहाच्या दुकानाच्या कट्ट्यावर ते बसत. मूळचे शेळगावचे, इंदापूर तालुक्यातले. निरेच्या कालव्यावर दगडकामाचे मुकादम होते. काम सुटलं, मुकादम हा शब्द सुटला नाही. डोक्याला तांबडा पटका, अंगात गळाबंद कोट आणि कोटाच्या खिशात लाकडी घडीची फूटपट्टी. कोणी रस्ता विचारला की तात्या पट्टी काढत. गाव जवळचं असलं तर एक घडी उघडत, लांबचं असलं तर सगळी, आणि पट्टीचं टोक त्या दिशेला रोखून म्हणत, “ह्ये असं सरळ.” बारामतीहून कुठलंच गाव असं सरळ नाही, पण पट्टी सरळ असल्यामुळे माणसाचा विश्वास बसे.

एकदा सोलापूरकडचा एक गृहस्थ गुळाच्या अडतदाराचं दुकान विचारत आला. तात्यांनी दोन घड्या उघडल्या आणि त्याला नदीकडच्या आळीत धाडलं. तिथे दवाखाना होता. डॉक्टरांनी गुळाविषयी काही ऐकून न घेता त्याची जीभ पाहिली, छाती ठोकली आणि तो भरल्या तापात हिंडतोय असं सांगून त्याला तिथेच आडवा केला. बरा झाल्यावर तो माणूस तात्यांच्या पाया पडायला आला.

“तुम्हाला कळलं कसं हो?”

“डोळ्यांवरनं,” तात्या म्हणाले.

मी शाळामास्तर. चुकीचं उत्तर ऐकलं की माझा हात आपोआप छडीकडे जातो. एका दुपारी त्यांची फजिती करावी म्हणून मी विचारलं, “तात्या, कोलंबस कोण हो?”

“इचारा की!” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी विचारून झालेलं असे, तरीही ते म्हणत. “कोलंबस म्हंजे आमच्या कालव्यावरचा ओवरशेर. गोरा गडी. पाण्याचा लई नाद. एक डाव वाट चुकला न् भलतीकडंच निघाला. पर मागं फिरला न्हाय. चुकलो म्हणायचं न्हाय, असा बाणा!”

मी घरी जाऊन विचार केला. कालवा आणि ओव्हरसिअर सोडले तर उत्तरात नाव ठेवायला जागा नव्हती.

तात्यांची नात भागी नेहमी त्यांच्या शेजारी बसलेली असे. सहा-सात वर्षांची, डोळे मोठे, बोलणं कमी. आई तिच्या तान्हेपणीच गेली. बाप म्हणजे तात्यांचा एकुलता एक मुलगा सदा. तोही दगडातला कारागीर. कालव्यावरचं काम संपल्यावर एका सकाळी खांद्यावर हत्यारांची पिशवी टाकून दुसरं काम शोधायला म्हणून गेला. मग निरोप नाही, पत्र नाही. कोणी म्हणे धरणावर गेला, कोणी म्हणे आगबोटीत बसला. तात्यांपुढे हा विषय कोणी काढत नसे.

आता लेण्यांचं सांगतो. सासवडच्या पलीकडे एका डोंगरात चार-दोन जुनी लेणी आहेत. फारसं कोणी तिकडे जात नाही. गेली दोन वर्षं तात्या कट्ट्यावर सांगत होते की ती लेणी अर्धवट राहिली होती आणि सरकारने त्यांचं काम पुन्हा काढलं आहे. “हजार वर्सं काम बंद हुतं. आता दगडाला टाकी लागलीय. चांगलं चांगलं कारागीर नेल्यात निवडून.” सरकार पूल बांधतं, तुरुंग बांधतं, पण लेणी कोरतं हे मी ऐकलं नव्हतं. मी ते कोलंबसाशेजारी ठेवून दिलं.

गावात आमचे एक रावसाहेब होते. ही पदवी त्यांना सरकारने दिली की घरच्यांनी, याबद्दल दोन मतं होती. त्या हिवाळ्यात रावसाहेबांच्या मनात आलं की गावातल्या मुलांना पूर्वजांचा पराक्रम दाखवावा. त्यांनी इंदापूरची मोटार ठरवली, मुलांवर लक्ष ठेवायला मला बोलावलं आणि एक रेशमी बिल्ला शिवून घेतला. बिल्ल्यावर ‘मार्गदर्शक’ असं भरतकाम होतं. आता मार्गदर्शक तेवढा शोधायचा राहिला होता.

रावसाहेब कट्ट्यापाशी आले. “तात्या, तुम्हाला ती लेणी माहीत आहेत ना?”

प्रश्न विचारण्याची ही पद्धतच चुकली. तात्या दुसरं काय म्हणणार? “इचारा की! घरच्यावानी.”

“मग रविवारी तुम्हीच आमचे मार्गदर्शक. सगळी मुलं येणार. तुमची नातसुद्धा.”

भागी ताडकन उभी राहिली. तात्यांच्या हातातली पट्टी मिटता मिटेना.

त्यानंतर तात्यांचा सूर पालटला. ते मला रोज रस्त्यात गाठू लागले. घाटात वाघ सुटलाय. दुपारी लेणी बंद ठेवतात. शेवटी शेवटी म्हणाले, “थंडीत दगूड आकसतो, मास्तर. मानूस आत शिरत न्हाय. उन्हाळ्यात बघू.” मला वाटलं, म्हातारा कधी लेण्यांना गेलेला नाही आणि आता पितळ उघडं पडायची भीती वाटते आहे. मनातल्या मनात मला थोडा आनंदही झाला.

रविवारी सकाळी मोटार आली. ड्रायव्हर दस्तगीर इंदापूरचा. त्याचा सगळा जन्म इंदापूर-बारामती या एकाच रस्त्यावर गेलेला. बारामतीच्या पश्चिमेला काय आहे हे त्याला फक्त ऐकून माहीत होतं. “मला वाट दाखवा, मी मोटार दाखवतो,” असा त्याचा सरळ हिशेब होता. रावसाहेबांनी इंजिन सुरू असतानाच भाषण केलं. त्यातला ‘पूर्वज’ हा शब्द तेवढा सर्वांना ऐकू आला. मग तात्यांच्या कोटाला बिल्ला लागला. त्यांचा चेहरा बळी द्यायला नेलेल्या बोकडासारखा झाला होता.

मुलं चढली, उतरली, जागांसाठी भांडली आणि पुन्हा चढली. भागी माझ्या आणि माझ्या मुलाच्या, वसूच्या मध्ये बसली. तेल लावून घट्ट वेणी, धुतलेलं परकर-पोलकं आणि मांडीवर फडक्यात बांधलेलं एक गाठोडं. वसूचं नाक अशा बाबतीत तीक्ष्ण आहे.

“गुळाची पोळी आहे ना? दे की थोडी.”

“माझी न्हाय,” भागीने गाठोडं छातीशी धरलं.

“मग कोणाची?”

“बाची. माझा बा तितं लेणी कोरतोय. आबांनी सांगितलंय.” तात्यांना ती आबा म्हणे. मग ती माझ्याकडे वळली. “गुर्जी, लेणी आजच येतील न्हवं?”

मी पुढे पाहिलं. दस्तगीरच्या शेजारी तात्या पाठमोरे बसले होते. तांबडा पटका जरासुद्धा हलत नव्हता. दोन वर्षांपूर्वी कधीतरी या पोरीने विचारलं असणार, बा कुठं हाय? आणि तात्यांनी सवयीप्रमाणे उत्तर दिलं असणार. मग ते खरं वाटावं म्हणून सरकार, टाकी आणि निवडक कारागीर सगळ्या गावाला ऐकवले असणार. आणि आता रावसाहेबांची मोटार त्या उत्तराच्या दिशेने निघाली होती.

“येतील,” मी म्हणालो. मास्तर असूनही मला दुसरं काही सुचलं नाही.

गावाबाहेर कालव्याखालून ओढा जातो. तिथे दगडी कमानीची मोठी मोरी आहे. तात्या एकदम ओरडले, “थांबव, थांबव! पयलं लेणं!”

मुलं धावत खाली गेली आणि कमानीत शिरून ओरडायला लागली. कमान उलट ओरडली, तेव्हा त्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. रावसाहेबांनी हातातली काठी टेकली, पागोटं सारखं केलं आणि पूर्वजांनी छिन्नी-हातोड्यावर केवढी तपश्चर्या केली ते सविस्तर सांगितलं. कमानीच्या माथ्यावर इंग्रजी आकड्यांत बांधकामाचं साल कोरलेलं होतं. रावसाहेब त्याच्या बरोबर खाली उभे असल्यामुळे त्यांना ते दिसलं नाही.

“ही मी बांधलीय,” तात्या माझ्या कानात म्हणाले. “दुरुस्तीला सदा हुता संगं. तितं ती चावी बसवली त्यानं, कमानीच्या मधला दगूड.” आणि मोठ्याने, “बसा पोरांनो निवांत! काय घाई हाय?”

भागी आत गेली नव्हती. “ह्यात कोन काम करत न्हाय,” ती म्हणाली आणि मोटारीत जाऊन बसली.

मोरगाव आलं. देवळाचे मनोरे दिसले, गणपतीसमोर बसलेला नंदी दिसला. मुलांनी उतरून नमस्कार केले. तिथून रस्ते फुटतात. जेजुरीचा रस्ता समोर होता. तात्यांनी पट्टी पूर्ण उघडली आणि भलतीकडे रोखली. “ह्ये असं सरळ.”

दस्तगीरने मोटार घातली. धूळ, बाभळी, पुन्हा धूळ. सुपं मागे पडलं. तात्या प्रत्येक फाट्यावर पट्टी नाचवत होते. एका ओढ्यात मोटार रुतली, मुलांनी ढकलली. एका माळावर इंजिनातलं पाणी उकळून टोपणातून वाफ उसळली, तेव्हा दस्तगीर तिच्याकडे बघत बिडी ओढत बसला. दोन मुलांना उलट्या झाल्या. रावसाहेबांच्या पागोट्याचा रंग कोणता होता यावर वसूने आणि आणखी एकाने पैज लावली. आणि पुष्कळ वेळाने पुन्हा देवळाचे मनोरे दिसले, पुन्हा गणपतीसमोर नंदी.

“हे कोणतं गाव?” रावसाहेबांनी विचारलं.

“मोरगाव,” तात्या म्हणाले.

“मोरगाव मघाशी झालं!”

“ते पयलं. ह्ये दुसरं. दोन हायती. एक जाताना लागतं.”

“पण तात्या,” वसू म्हणाला, “इथेपण गणपतीपुढे नंदीच आहे.”

“जुळी गावं हायती.”

रावसाहेबांनी जुळ्या गावांकडे गंभीरपणे पाहिलं आणि मान डोलावली. मोठेपणाची ही एक अडचण असते. आपण हरवलो आहोत हे मोठ्या माणसाला सगळ्यांच्या शेवटी कळतं.

मी तात्यांना नंदीच्या मागे नेलं. “तात्या, जेजुरीचा रस्ता तुम्हाला पक्का ठाऊक आहे. खंडोबाला दरवर्षी जाता.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नंदीची शेपटी बोटाने चाचपत राहिले. दगडकामाच्या माणसाला हात रिकामे ठेवता येत नाहीत.

“मास्तर, जरा सांज हू द्या. सांज झाली की परत फिरावंच लागंल. वाट गावली न्हाय म्हणीन मी. लोक हसतील, हसू द्यात. तेवढं करा.”

ज्या माणसाने कधी चूक कबूल केली नाही, तो सगळ्या मोटारीपुढे चुकलो म्हणायला तयार झाला होता. मी काही बोलणार, तोच मोटारीचा भोंगा वाजला. दस्तगीरने एका मेंढपाळाला रस्ता विचारला होता. इंदापूरच्या माणसाला एवढं सुचेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

जेजुरी झाली, सासवड झालं. तात्या आता पट्टी काढत नव्हते. दुपार कलली तेव्हा डोंगर आला. पायथ्यापासून पायवाट वर जात होती आणि वर कातळात काळी तोंडं दिसत होती. रावसाहेबांनी पूर्वजांविषयीचं तेच भाषण पुन्हा सुरू केलं. मघाशी आपण मोरीपुढे बोललो हे एव्हाना त्यांच्या ध्यानात आलं होतं की नाही, सांगता येत नाही. मुलं लेण्यांत शिरून ओरडत होती. लेणी मोरीइतकी छान ओरडत नाहीत अशी त्यांची तक्रार होती.

भागी एकेका लेण्यात जाई, कोपऱ्या-कोपऱ्यात बघे आणि बाहेर येई. आतमध्ये वटवाघळं, राख आणि कोणीतरी शेंदूर फासलेला एक दगड. तात्या बाहेरच्या कातळावर बसून राहिले होते. मुलांनी त्यांना घेरलं.

“तात्या, हे कुणी कोरलं?”

“तात्या, इथे कोण राहायचं?”

तात्यांनी पटका सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला.

तेवढ्यात आवाज आला. टक्. टक्. टक् टक्. डोंगराच्या पलीकडच्या अंगाने. दगडावर छिन्नी पडते तोच आवाज, त्यात चूक होणं शक्य नव्हतं. रावसाहेबांनी भाषण थांबवलं. “अरे, म्हणजे काम खरोखरच चालू आहे!”

भागी शेवटच्या लेण्यातून बाहेर आली आणि पळत सुटली. गाठोडं दोन्ही हातांनी पुढे धरलेलं. “बा! ए बा!”

मी मागोमाग धावलो. तात्याही उठले. म्हातारा माणूस एवढ्या जोरात चालताना मी पाहिला नव्हता. तोंडावर भीती होती आणि, मला वाटतं, थोडी आशाही होती. स्वतःच रचलेलं उत्तर कधी चुकून खरं निघतं. ताप भरलेल्या सोलापूरकराच्या बाबतीत निघालं होतंच की.

वळणापलीकडे बाभळीखाली एक माणूस बसला होता. पुढे काळा दगड, हातात छिन्नी, शेजारी तयार पाटे आणि वरवंटे मांडलेले. त्याने मान वर केली. पांढऱ्या मिशा होत्या.

“काय गं पोरी? कुनाची तू?”

भागी थबकली. गाठोडं तसंच पुढे धरलेलं.

रावसाहेब धापा टाकत आले. “काय हो, सरकारी काम का?”

“कसलं सरकारी?” तो म्हणाला. “पाटं करतो न् जेजुरीच्या बाजारात इकतो. लागतोय का पाटा?”

भागी मागे वळली. तात्या चार पावलांवर उभे होते.

“आबा, ह्यो न्हाय.”

“न्हाय.”

“मग बा कुठं हाय?”

तात्यांचा हात खिशात गेला. पट्टी बाहेर आली. एक घडी उघडली, मग दुसरी, मग सगळी. पट्टीचं टोक सासवडकडे गेलं, तिथून पुण्याच्या बाजूला, तिथून आणखी कुठे वळलं. कुठेच ठरेना. मग त्यांनी ती एकेक घडी करून मिटली आणि खिशात ठेवली.

“मला ठाऊक न्हाय, बाय.”

हे शब्द त्यांच्या तोंडून इतके नवखे वाटले की रावसाहेबसुद्धा पूर्वजांना विसरले.

“मग तुमी सांगितलंसा कशाला?”

“तू इचारलंस म्हणून.”

भागी रडेल असं मला वाटलं होतं. ती खाली बसली आणि गाठोडं सोडलं. आत गुळाच्या पोळ्या होत्या, प्रवासाने मोडलेल्या. त्यातला एक तुकडा तिने पाटेवाल्याला दिला, एक तात्यांच्या हातावर ठेवला. वसू लांबून आशेने बघत होता. त्यालाही एक मिळाला. तात्या तो तुकडा हातात धरून उभे होते.

“खा की,” ती म्हणाली. “सकाळपास्नं काय खाल्लं न्हाय तुमी.”

परतीला तात्या पुढे बसले नाहीत. मागे आमच्याजवळ बसले. मोरगाव एकदाच लागलं. भागी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. बिल्ला टोचतो म्हणून तात्यांनी तो काढून माझ्या हातात दिला. तो अजून माझ्या घरी आहे. रावसाहेबांनी परत मागितला नाही.

दिवेलागणीला बारामती आली. कट्ट्यावरची मंडळी वाटच बघत होती. चहावाला लांबूनच ओरडला, “काय तात्या! झाली का लेणी पुरी?”

तात्या मोटारीतून उतरले आणि खाली बघत उभे राहिले. खरं बोलावं तर तिथल्या तिथे दोन वर्षांची सगळी बोलणी खोटी ठरणार होती, आणि खोटं सांगायचं त्यांच्यात बळ उरलं नव्हतं. मंडळी हसायच्या तयारीत होती.

भागी डोळे चोळत त्यांच्याशेजारी उभी राहिली. तिने त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला, पट्टी काढली आणि दोन्ही हातांनी घडी-घडी करून पूर्ण उघडली. ती तिच्याहून फारशी लहान नव्हती. मावळतीकडे ती रोखून भागी म्हणाली,

“न्हाय अजून. लई मोटा डोंगर हाय त्यो. येळ लागनार.”

“मग तुझा बा भेटला का गं?” चहावाल्याने विचारलं. बाला भेटायला निघाल्याचं तिने सकाळीच त्याला सांगितलं होतं.

“कामात हाय,” भागी म्हणाली. पट्टी मिटून तिने आजोबांच्या खिशात ठेवली, त्यांचं बोट धरलं आणि दोघं कालव्याच्या बाजूने घरी गेली.